गच्चीवरचे बोंबील

चंद्रभागाबाई ओव्हाळ यांच्याशी भांडायचं तर समोर उभं राहून भांडावं लागायचं. टपाल खात्यात त्यांनी सगळी नोकरी खिडकीच्या आत बसून काढली, आणि खिडकीच्या बाहेर कोण? तर पुणेकर! आवाज न चढवता, 'आपण, आपण' म्हणत समोरच्याची सालटी काढणारी माणसं. बाईंनी भल्याभल्यांना पाणी पाजलं. "आपलं झालं असेल तर बाजूला व्हा, मागे लोक उभे आहेत," एवढं म्हटलं की काम फत्ते. मागचा माणूस पुढच्याला कोपराने सरकवायचाच. भांडण कसं करायचं आणि कसं संपवायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, असा बाईंचा पक्का समज होता. तो समज यंदाच्या मे महिन्यात पार धुळीला मिळाला.

झालं ते असं. निवृत्त झाल्यावर बाई धायरीत मुलगी सोनालीबरोबर राहतात. सोनाली खराडीला नोकरी करते, सकाळी जाते ती अंधार पडल्यावरच उगवते. उन्हाळ्यात सोसायटीच्या गच्चीवर ज्याचं त्याचं वाळवण पडतं. कुणाच्या कुरडया, कुणाचे पापड, कुणाचं वर्षाचं तिखट. आणि पाण्याच्या टाकीशेजारच्या कोपऱ्यात, जुन्या साडीवर, चंद्रभागाबाईंचे सुके बोंबील. बाजारातून सुकेच आणायचे, पण पावसाळ्यात टिकायचे तर आधी चांगलं कडकडीत ऊन दाखवावं लागतं. बाई शेजारी स्टूल टाकून बसायच्या, हातात काठी, कारण कावळ्यांना वाळवणातलं एवढंच आवडतं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. कुणी नाक मुरडलं असेल, पण ते आपापल्या घरात.

यंदा सेक्रेटरी बदलला. नवा सेक्रेटरी सलिल, पस्तिशीचा, लिफ्टमध्ये भेटला की "काय काकू, बरंय ना?" म्हणणारा. त्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'टेरेसवर नॉनव्हेज आयटेम्स वाळत घातल्याने वास येतो, अशा कंप्लेंट्स आहेत. यापुढे फक्त व्हेज वाळवण अलाउड. काही लोकांनी सोसायटीत राहण्याच्या सवयी शिकून घ्याव्यात.' आणि खाली नमस्काराचे जोडलेले हात. वा रे नमस्कार!

वासाचं बाईंनी ऐकून घेतलं असतं. पण 'काही लोक'? हे 'काही लोक' बाईंच्या चांगले ओळखीचे होते. शाळेत ऐकले होते, ऑफिसात डबा उघडताना ऐकले होते. नाव कुणी घेत नाही, कळायचं ते ज्याचं त्याला कळतं. बाईंचे वडील छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले तेव्हापासून घरात एकच शिकवण होती, की असलं काही कानावर आलं तर मान खाली घालायची नाही. बाईंनी लिहिलं, 'काही लोक म्हणजे कोण? नाव घेऊन बोला.'

नाव कुणी घेईना. त्याऐवजी सगळेच बोलायला लागले. एकाने सात्त्विक आहारावर भलामोठा लेख पाठवला. एकीने लिहिलं, आमच्याकडे लहान बाळ आहे. म्हणजे काय, बाळ बोंबलांना घाबरतं? कुणी दात काढणारे चेहरे नुसतेच टाकले. बाई एकाला उत्तर लिहीपर्यंत तिघांचं आणखी येई. इथे खिडकी नाही, रांग नाही, मागून कुणी ढकलत नाही. 'बाजूला व्हा' म्हणायचं कुणाला? समोरचा चहा पितोय, सोफ्यावर लोळलाय की न्हाणीघरात बसलाय, काही कळायला मार्ग नाही. आणि गंमत बघा, तोंडावर "काकू, काकू" करणारी हीच माणसं! बाईंचा चष्मा घामाने ओला झाला, अंगठा दुखायला लागला, पण फोन खाली ठेवतील त्या चंद्रभागाबाई कसल्या.

एवढ्यात सलिलने लिहिलं, 'काकू, आपल्याकडे मेजॉरिटी व्हेज फॅमिलीज आहेत. त्यांच्या भावनांचा विचार करा.'

झालं. बाईंचं टाळकं सटकलं. त्यांनी लिहिलं, 'भावना? तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या श्यामलाताई आगाशे दर बुधवारी माझ्याकडे येऊन बोंबलाची चटणी बोटं चाटून खातात. जा, त्यांना विचारा भावना!'

ग्रुप गार पडला. एक अक्षर नाही. जिंकलो आपण, बाईंना वाटलं. त्यांनी गार झालेला चहा पुन्हा गरम केला, एक घोट घेतला, आणि कप तसाच खाली ठेवला. अगं बाई, काय केलं मी हे?

श्यामलाताई म्हणजे सोसायटीतलं त्यांचं एकमेव जिवाभावाचं माणूस. वयाने मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आमोद आणि सून यांच्याबरोबर राहणाऱ्या. मागे डेंग्यू झाला तेव्हा श्यामलाताईंच्या तोंडाची चवच गेली होती. खिचडी नको, आमटी नको. बाईंकडे बसल्या असताना पाट्यावरच्या बोंबलाच्या चटणीचा वास आला आणि म्हणाल्या, "चंद्रा, मला एवढीशी दे गं." जन्मात न शिवलेली गोष्ट! भाकरीबरोबर खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाल्या, "आली बाई चव." तेव्हापासूनचा बुधवार. आमोदला ठाऊक नव्हतं. ते दोघींमधलं होतं, स्वयंपाकघरातलं होतं, आणि बाईंनी ते चव्हाट्यावर नेऊन टाकलं होतं.

त्यांनी घाईघाईने मेसेज पुसला. पण पुसल्याची खूण राहतेच, आणि ती बघून न वाचलेलेही विचारायला लागले, काय होतं, काय होतं? आमोदने वाचलं होतंच. 'माझ्या आईचं नाव कुठल्याही वादात आणू नये,' त्याने लिहिलं. मग ओळ आली, श्यामला आगाशे यांनी ग्रुप सोडला.

बाई तशाच पायऱ्या उतरून पहिल्या मजल्यावर गेल्या. दार श्यामलाताईंनीच उघडलं. 'ये' म्हणाल्या नाहीत.

"श्यामलाताई, चुकलं माझं."

"हो."

"रागाच्या भरात लिहिलं हो."

"खाल्ल्याची लाज वाटते म्हणून मी रागावलेय असं समजू नकोस," श्यामलाताई म्हणाल्या. "खाते तर खाते. पण आमोदला ते मी सांगणार होते. माझ्या तोंडाने, मला हवं तेव्हा. तू ते माझ्याकडून हिसकावलंस चंद्रा, आणि कशासाठी? त्या सलिलला गप्प बसवायला! आता जा. आमची पडायची वेळ झाली." आणि दार लागलं.

बाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. साऱ्या जगाला नाव घेऊन बोला म्हणत होते, आणि नाव घेतलं कुणाचं? जी माझ्या बाजूची होती, तिचंच. खिडकीवर असताना माणूस समोर दिसायचा, म्हणून जिभेला लगाम असायचा. इथे सगळ्यांची तोंडं झाकलेली, आणि आपलं मात्र सुटलेलं.

सोनाली आल्यावर म्हणाली, "आई, सोड ना आता. बोंबील गॅलरीत वाळव. विषय संपव."

बाईंनी डोळे पुसले आणि ताडकन उठल्या. "का म्हणून? मी चुकले ते श्यामलाताईंच्या बाबतीत. सलिलच्या बाबतीत नाही चुकले!"

त्यांनी फोन घेतला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'श्यामलाताईंचं नाव मी घ्यायला नको होतं. त्यांची सगळ्यांदेखत माफी मागते. बाकी एक शब्द मागे घेत नाही. उद्या सकाळी बोंबील गच्चीवर असतील आणि मीही असेन. ज्याला बोलायचंय त्याने वर यावं. इथे मी कुणाला उत्तर देणार नाही.' आणि फोन कपाटात टाकून कपाट लावलं.

सकाळी साडी अंथरून बाई स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने सलिल आला, पाठीला ऑफिसची बॅग.

"काकू, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. पण लोकांचं म्हणणं आहे..."

"कोण लोक?"

"म्हणजे... जनरली."

"जनरली लोकांना वर पाठवा. आपलं सांगा. काल लिहिलंत, काही लोकांनी सवयी शिकून घ्याव्यात. आता माझ्याकडे बघून म्हणा."

सलिलने टाकीकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं, बाईंकडे काही बघवेना. "रूल आहे काकू," तो पुटपुटला.

"कुठल्या सभेत झाला? सभा बोलवा, मी येते. बोंबील घेऊन येते!"

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत श्यामलाताई वर आल्या. कडेवर परात, परातीत ओले सांडगे. सगळी गच्ची मोकळी होती. त्या सरळ टाकीजवळ आल्या आणि बोंबलांच्या साडीला चिकटून त्यांनी आपलं फडकं अंथरलं.

"आजी, तिकडे घाला ना," सलिल म्हणाला. "इथे वास लागेल."

"गच्ची केवढी आहे ते मला दिसतं," श्यामलाताई एकेक सांडगा मांडत म्हणाल्या. "बुधवारी मी काय खाते ते आमोदला काल मीच बसवून सांगितलं. आपल्याला नोंद करून घ्यायची असेल तर घ्या."

सलिलला ऑफिसला उशीर होत असल्याचं एकदम आठवलं. तो गेला.

"श्यामलाताई," बाई स्टुलावरून उठत म्हणाल्या.

"तुझ्याशी मी बोलत नाहीये."

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. उत्तर जिभेवर होतं, पण गिळलं. ऊन चढत गेलं. श्यामलाताई सांडगे मांडून संपल्यावरही खाली गेल्या नाहीत, टाकीच्या सावलीत टेकल्या. एक कावळा कठड्यावरून उतरला तशी त्यांनी बाईंच्या हातातली काठी ओढून घेतली आणि त्याला हुसकावलं.

मग टाकीकडे तोंड करून म्हणाल्या, "सकाळपासून बसली आहेस. जा, जेवून ये. तुझे बोंबील मी राखते. बोलत मात्र नाहीये हं, अजून."