सहा बेड, सात अवस्था

प्रोग्राममधली चूक दुरुस्त झाली की यादीतून निघून जाते, किस्सा मात्र आपल्याजवळच राहतो. माझ्याकडे असे बरेच साठलेत, आणि त्यातले हसण्यासारखे थोडेच. नवीन जालन्यात आमचं तीन माणसांचं सॉफ्टवेअर ऑफिस आहे: मालक ललितभाऊ, प्रवीण आणि मी. आम्ही एका डायलिसिस सेंटरला वेब ॲप करून दिलं होतं. कोणता पेशंट आला, कोण कोणत्या बेडवर, हे सगळं एका ठिकाणी साठायचं. त्याला आम्ही स्टेट म्हणतो. सगळ्या स्क्रीन तिथूनच वाचायच्या.

*

त्या स्टेटमध्ये काय ठेवायचं, याला काही बंधनच नव्हतं. बेड नंबर एकीकडे आकडा म्हणून ठेवलेला, दुसरीकडे अक्षर म्हणून. एका सकाळी पुढचा बेड काढताना कॉम्प्युटरनं तीनमध्ये एक मिळवला नाही, तीनच्या पुढे एक चिकटवला. सेंटरमधल्या टीव्हीच्या बोर्डावर आलं: बेड ३१. सेंटरमध्ये बेड सहाच!

हसनाबादचे एक काका तो बेड शोधत शेजारच्या दवाखान्यात गेले. तासाभरानं सुजलेले पाय ओढत परत आले. सेंटरच्या सुनंदा सिस्टरनं विचारलं, "काका, कुठं गेल्ता?"

"एकतीस नंबर शोधून राह्यलो, बाई. तिकडं बी वीसपर्यंतच हायेत."

*

मग स्पेलिंग. 'आला' हा शब्द प्रवीणनं इंग्रजी अक्षरांत एका स्क्रीनवर सुरुवातीला एकच ए देऊन लिहिला होता, दुसरीवर दोन देऊन. एक मुलगी 'येणार'च्या यादीतून निघाली आणि 'आले'च्या यादीत पोचलीच नाही. सिस्टरचा फोन आला, "पोरगी माझ्यासमोर बाकड्यावर बसलीय, अन् तुमच्या हिशोबानं ती कुठंच न्हाई."

*

ललितभाऊ म्हणाले, "टाइप लावा जल्दी." म्हणजे कोणत्या खान्यात काय बसेल, हे आधीच बजावून ठेवायचं. चुकीचं काही लिहिलं की प्रोग्राम चालायच्या आधीच लाल रेघ येते.

प्रवीणनं दुपारपर्यंत सगळ्या लाल रेघा घालवल्या. ललितभाऊ खूश. "बिलकुल साफ!" मी उघडून पाहिलं. प्रत्येक खान्यापुढे त्यानं 'एनी' लिहिलं होतं, म्हणजे काहीही चालेल. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पुन्हा बेड ३१.

*

शेवटी आम्ही दोघं सेंटरमध्ये जाऊन बसलो. पेशंटच्या किती अवस्था असू शकतात ते सिस्टरला विचारलं. तिनं बोटांवर मोजल्या. येणार, आला, बेडवर, झालं, गैरहजर. मग थांबली. "एक राह्यली. मयत."

ती अवस्था आमच्याकडे नव्हतीच. वारलेला माणूस ॲपमध्ये गैरहजर राहायचा, आणि त्याच्या प्रत्येक पाळीच्या आदल्या दिवशी घरी आपोआप फोन जायचा, उद्या सकाळी सात वाजता या. एक मुलगा दोनदा येऊन सांगून गेला होता, "सिस्टर, आई गेली. फोन बंद करा."

आम्ही 'एनी' खोडून या अवस्था टाइपमध्ये लिहिल्या, शेवटी 'मयत' टाकलं. स्क्रीनभर लाल रेघा उठल्या. जिथं जिथं या अवस्थेचा विचार केला नव्हता, ती प्रत्येक जागा. "इतक्या ठिकाणी, यार," प्रवीण म्हणाला. ते सगळं भरायला आम्हाला आठवडा लागला.

*

नवं ॲप दाखवायला गेलो, तेव्हा सिस्टर म्हणाली, "अजून एक टाका. किडनी मिळाली."

मी विचारलं, "इथं कोणाला मिळालीय?"

"अजून कोणाला न्हाई. पण लिस्टमधी असू द्या."

प्रवीणनं तिथंच बसून टाकली. हिरवा रंग दिला. आता चालते का ते पाहायला एक नाव हवं होतं. तो म्हणाला, "सिस्टर, कोणाचं घेऊ?"

दोन नंबरच्या बेडवर कुंभार पिंपळगावचे एक गुरुजी होते, रिटायर झालेले. चार वर्षांपासून आठवड्यातून दोनदा यायचे. हाताला नळ्या तशाच, मान वळवून ते म्हणाले, "माझं घ्या."

प्रवीणनं सिस्टरकडे पाहिलं. तिनं मान हलवली. बोर्डावर गुरुजींचं नाव हिरवं झालं.

गुरुजींनी खिशातला चष्मा मागितला. सिस्टरनं तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. त्यांनी ओळ नीट वाचली, अगदी नावातल्या वेलांटीसकट.

"बराबर आहे," ते म्हणाले. "आता काढा."