बीजांडाची बाजू घेणारी क्लारा

वसईच्या क्लाराला घरात सगळे थट्टेने 'बकऱ्यांची डॉक्टरीण' म्हणत. सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्यांची अंडाशयं थर्मासात घालून ती मुंबईच्या कॉलेजात संशोधनाला जाई. आई अँजेलिना बजावे, "त्या थर्मासातला चहा मी जन्मात प्यायची नाही!"

अंडाशयात प्रत्येक बीजांडाभोवती पेशी दाटून बसलेल्या असतात, त्या हार्मोन बनवतात. त्या पेशी क्लारा काचेच्या बशीत वाढवी. पण बशीत पडल्या रे पडल्या की त्या भराभर प्रोजेस्टेरॉन बनवू लागत. एरवी हे हार्मोन बीजांड अंडाशयातून बाहेर पडल्यावरच वाढायचं.

"तुझ्या हातात स्वच्छता नाही, म्हणून पेशी बिघडतात," गाइड जॉन सर म्हणत. क्लारा खट्टू होई.

एकदा पेशी वेगळ्या करताना तिचा हात थबकला. मधलं बीजांड आपण फेकूनच देतो की! तेच ह्यांना आवरत असेल तर?

तिने बीजांडं पेशींबरोबरच ठेवली. प्रोजेस्टेरॉन घसरलं.

सर हसले. "बीजांड आयतं बसून खातं, क्लारा. ते कुणाला काय आवरणार? योगायोग आहे."

"मग बश्या तुम्हीच मांडा, सर. कशात बीजांड आहे ते सांगू नका. मी रोज फक्त वरच्या द्रवातलं प्रोजेस्टेरॉन मोजीन."

सरांनी बश्या मांडल्या. शेवटी आकडे आले. क्लारा एकेका बशीवर बोट ठेवत गेली. "यात आहे. यात नाही. यातही नाही." एका बशीपाशी ती अडली. "यात आधी नव्हतं. मग तुम्ही टाकलंत."

सर खुर्चीतून उठलेच. "हे कसं कळलं तुला?"

"प्रोजेस्टेरॉन चढत होतं, सर. मधेच चढायचं थांबलं."

"अरे, सगळे इकडे या!" सर दारातून ओरडले. "क्लाराने काय केलंय बघा!"

पुढे परिषदेत निबंध तिनेच वाचला, तिच्याच नावाने. टाळ्या थांबेनात.

त्या रविवारी मिस्सा सुटल्यावर तिचे वडील इग्नेशियस, केळीच्या वाडीत राबणारा माणूस, चर्चच्या आवारात भेटेल त्याला थांबवत होते. "एवढंसं बीजांड, पण सगळ्यांवर हुकूम सोडतं! माझ्या पोरीने शोधलं!"

"हुकूम नाही हो बाबा, आवरतं फक्त," क्लारा लाजून म्हणाली.

"तेच ते!" म्हणत त्यांनी पुढच्याला हाक मारली.