भाऊजी, ट्रक आणि माझं मत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडेल. मी माझ्या सख्ख्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडत आणलं होतं. तेही कशापायी? एका सिनेमापायी!

तेव्हा मी दहावीला होते. आम्ही औरंगपुऱ्यात राहायचो. आमच्या घरची एक रीत होती. गावाकडून कुणी कोर्टाच्या तारखेला आलं, डोळे तपासायला आलं, लग्नाचा बस्ता बांधायला आलं, की त्याला पिच्चर दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही. आता पाहुण्यांसोबत जाणार कोण? आईला स्वयंपाक, अण्णांना कचेरी, आणि माझ्या थोरल्या बहिणीला, विजूताईला, सिनेमाची मुळात आवडच नाही. राहिले मी. अडचण एवढीच, की टॉकीजला एकदा सिनेमा लागला की तो महिनोन्‌महिने उतरायचा नाही. पाहुणे बदलायचे, सिनेमा तोच!

त्या साली लागलेल्या सिनेमाचा हीरो ट्रक चालवायचा. हीरोइनवर त्याचं जिवापाड प्रेम, पण बोलायचं नाव नाही. कपाळावरची बट मागं सारायची आणि लांब कुठंतरी बघत राहायचं. शेवटी तो स्वतःच्या हातानं तिला मित्राच्या मांडवात नेऊन उभी करतो आणि ट्रक घेऊन निघून जातो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इतकी रडले, की पाहुणी आलेल्या मामीनंच उलट पदरानं माझे डोळे पुसले. माणूस असावा तर असा, हे माझं मत पक्कं झालं.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी ताईला बघायला कन्नडहून पाहुणे आले. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. नाव सुधाकर. पोहे झाल्यावर तो हात धुवायला मागच्या दारी आला. मी तांब्या घेऊन उभी. इकडंतिकडं बघत त्यानं हळूच विचारलं, "तुझ्या ताईला कसा माणूस आवडतो गं?"

आता शहाण्या मुलीनं काय सांगावं? ताईलाच विचारा, असं. मी म्हणाले, "जास्त बोलणारा अजिबात आवडत नाही तिला. गप्प राहणारा आवडतो. सगळं मनातच ठेवणारा." वर सिनेमाचं नाव सांगितलं, आणि बट कशी मागं सारायची तेही करून दाखवलं.

सुधाकरभाऊजींनी मान डोलावली. होकार आला, साखरपुडा झाला.

मधल्या काळात पिशोरची आत्या गुडघ्याच्या औषधाला आली. रीतीप्रमाणे मी तिला घेऊन गेले. हीरोनं पहिल्यांदा बट सारली आणि आत्या म्हणाली, "ह्याला त्वांड नाय का? बोल की बाबा एकडाव!" मी म्हटलं, आत्या, हळू. शेवटी मांडव आला तशी ती उठून उभीच राहिली. "तिला इचारलं का कुणी? बाजारात म्हैस नेत्यात तशी नेली की ह्यानं!"

आणि काय सांगू, मला ते पटलं. खरंच, तिला विचारलं होतं कुणी?

मग करमाडचे काका तारखेला आले. काका अख्खा सिनेमा गप्प होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "एक सांग पोरी. त्याच्या ट्रकात माल कुठं होता? रिकामी गाडी हिंडवतोय, डिझेल कोण भरतं त्याचं?" झालं! होता नव्हता तो हीरो माझ्या मनातून साफ उतरला. आळशी, घुमा आणि वर बेजबाबदार माणूस.

इकडं भाऊजी रविवारी एसटीनं ताईला भेटायला आले. लग्नाआधी दोघांना एकटं सोडायची पद्धत नव्हती, म्हणून मध्ये मी. आम्ही पाणचक्कीला गेलो. ताईनं प्रवास कसा झाला विचारलं. भाऊजींनी बट मागं सारली आणि पाण्याकडं बघत राहिले. ताईनं चहा घेणार का विचारलं. भाऊजी आणखी लांब बघायला लागले. पुढच्या रविवारीही तेच.

त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता ताई म्हणाली, "निशे, ह्यांच्या मनात हे लग्न नाही बहुतेक. एक शब्द बोलत नाहीत."

मी काकांच्या डिझेलवर नुकतीच पेटलेली. म्हणाले, "ताई, असली गप्प माणसं फार वाईट. ऐन मांडवात तुला मित्राच्या गळ्यात बांधतील आणि ट्रक घेऊन निघून जातील."

"त्यांच्याकडं ट्रक कुठंय?"

"कारखान्यात उसाचे असतात की!"

ताईच्या हातातली मेथी तशीच राहिली. मग ती ठाम आवाजात म्हणाली, "आता आले की स्पष्ट विचारते. मनाविरुद्ध असेल तर अण्णांना सांगून मोडून टाकू. त्यांचाही जन्म कशाला नासवायचा?" आणि डोळे पुसले. तिला तो माणूस आवडला होता हो. ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, भाऊजींना तू काय सांगितलं होतंस ते आठवलं नाही का? आठवलं की. पण ते मत आता माझं कुठं राहिलं होतं?

रविवारी भाऊजी आले ते तीन तिकिटं घेऊनच. सिनेमा कोणता? तोच! टॉकीजमध्ये मी मध्ये, अलीकडं ताई, पलीकडं भाऊजी. पडद्यावर हीरोनं बट मागं सारली. भाऊजींनीही सारली. हीरोनं लांब बघितलं. भाऊजींनी बाहेर जायच्या दाराकडं बघितलं. ताईनं पडद्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलं.

मध्यंतरात समोशाच्या गाड्यापाशी ताईनं विचारूनच टाकलं, "तुम्हाला हे लग्न करायचं नाही का?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. "मला? मला तर कधी होईल असं झालंय!"

"मग बोलत का नाही?"

"तुम्हाला बोललेलं आवडत नाही ना? आमच्या घरी मला रेडिओ म्हणतात हो. गप्प बसून बसून माझं डोकं दुखायला लागलंय. परवा आईनं तर माझी दृष्ट काढली."

"मला आवडत नाही, हे कोण म्हणालं?"

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी समोसा खात होते.

आणि मग रेडिओ सुरू झाला. कारखान्याचा भोंगा, आईची संधिवाताची औषधं, घाटात बंद पडलेली एसटी. ताई हसतेय, हसतेय. घंटा वाजली. दारावरचे चाचा ओरडले, "बाजी, पिच्चर शुरू हो गई, अंदर बैठो." दोघं जागचे हलले नाहीत. ताई म्हणाली, "तू हो पुढं, आम्ही आलोच."

कसले येतायत! दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. शेजारी आत्या नाही, काका नाही. हीरो ट्रकात बसून निघाला आणि मला जे रडू फुटलं म्हणता! सुजलेले डोळे घेऊन बाहेर आले, तर दोघं पायरीवर बसून शेंगदाणे खातायत आणि भाऊजींचं तोंड चालूच. मी हुंदके देत म्हणाले, "भाऊजी, तुम्ही आधी गप्प होता ना, तेच बरं होतं."

ताईनं असा चिमटा काढला, की दंड काळानिळा झाला.

लग्न झकास झालं. पुढं यथावकाश माझी वेळ आली. पहिलाच मुलगा बघून गेला. मी आईला सांगितलं, नको, कान फार मोठे आहेत. अण्णा नकार कळवायला चप्पल घालत होते, तेवढ्यात भाऊजी आडवे आले. "थांबा अण्णा. हिचं पहिलं मत धरायचं नसतं. आठ दिवसांनी परत दाखवा."

आठ दिवसांनी तो परत आला. आणि खरं सांगते, कान काही इतके मोठे नव्हते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हे अजून येईल त्या पाहुण्याला सांगतात, "पहिल्या खेळाला मी आपटलो होतो, दुसऱ्याला चाललो. तेव्हापासून घरात कुणी आलं की कानांवरून मफलर गुंडाळूनच बसतो. कोण काय बोलून जाईल आणि हिचं मत कधी फिरेल, नेम नाही."