गाडीत मी एकटीच जागी होते

माझ्या लग्नाचं मला धड काही आठवत नाही. आठवते ती उमरेडहून नागपूरकडे निघालेली भाड्याची मोटार, आणि ती रस्त्यावरून चाललीच नव्हती, तरंगत होती, असं अजून वाटतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. चैत्रातली दुपार, आदल्या रात्रीचं जागरण, अंगाला हळदीचा वास. नवरदेव मुंडावळ्यांसकट माझ्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरत होते. गाडी चालवत होते त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामांतून माल नेणाऱ्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते आणि सगळं घर त्यांच्या लायसनवर जेवायचं.

मध्येच खिडकीशी एक बैल आला. त्याचा डोळा इतका जवळ होता, की त्यात मला माझं कुंकू दिसल्यासारखं वाटलं. मग बैल नाहीसा झाला आणि गाडीवानाच्या शिव्या मागे मागे विरत गेल्या. किंचाळावंसं वाटलं, पण भासऱ्यांसमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी नुसता पदर सावरला.

नागपुरात एका चौकात हवालदारानं हात दाखवला आणि गाडी थांबली. हात खाली आला तरी ती हलेना. हात होता त्या रिकाम्या जागेकडे भासरे तसेच एकटक बघत बसले होते. हवालदार खिडकीत वाकला, त्याला दारूचा वास आला, आणि माझी वरात पोलीस ठाण्यात गेली. भासऱ्यांना तपासायला डॉक्टरकडे नेलं. मी बाकावर बसून कडुलिंबाची फुलं गळताना बघत राहिले.

निरोप मिळताच बाबा धावत आले. जन्मभर हातमागावर मान खाली घालून बसलेला माणूस, पण त्या दिवशी ते मुलीचे बाप होते. पाहुणचाराला नाव ठेवलेलं त्यांना खपलं नसतं. कुणी काही विचारायच्या आत ते फौजदाराला म्हणाले, "वऱ्हाडाच्या ड्रायव्हरले आमी दारातून कोरडं पाठवू काय जी? मीच पाजली, माह्या हातानं." त्या काळी प्यायलाही परवाना लागायचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फौजदारानं कपाळावर हात मारून घेतला.

जामीन लगेच झाला. रामदासपेठेतल्या वकिलांनी मग शांतपणे एकेक वाट सांगितली. प्यालोच नाही म्हणायची सोय बाबांनी ठेवली नव्हती. गुन्हा कबूल केला तर पहिलीच वेळ म्हणून बहुतेक दंडावर भागेल, पण लायसन जाईल. लढायचं तर एक फट होती. नुसतं पिणं पुरेसं नसतं, गाडी ताब्यात नव्हती हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. डॉक्टरच्या कागदावर वास होता, तोल गेल्याचं काही नव्हतं. आत बसलेल्या कुणी गाडी नीट चालली होती असं सांगितलं, तर सुटायची आशा होती. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांना मंगलाष्टकांनंतर थेट ठाणंच आठवत होतं. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

सासूबाई तांदूळ निवडता निवडता मला पढवायच्या, गाडी सरळ चालली होती, एवढंच म्हणायचं. मी मान हलवायची. मनातून मात्र मी पार हबकले होते. खोटं बोलायचं, तेही भर कोर्टात, भासऱ्यांच्या देखत. आणि खरं बोलले तर ज्या घरात नुकता पाय ठेवला, त्याचीच चूल विझवल्यासारखं होणार होतं.

तारखेच्या दिवशी कोर्टाचा व्हरांडा उन्हानं नुसता पिवळा झाला होता. माणसं त्यातून आवाज न करता पोहत असल्यासारखी दिसत होती. त्यातून भासरे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. नजर फरशीवर.

"त्या दिवशी गाडीत तुले भेव वाटलं काय, बाई?"

रीत त्यांनीच मोडली होती. "होय जी," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

ते आत गेले. वकील उठायच्या आतच त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला. दंड झाला आणि लायसन बऱ्याच महिन्यांसाठी गेलं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी त्यांची बाही धरली. "काहून कबूल केलं गा?"

"पोरगी भेली होती, माय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. इतके दिवस त्यांनी मला काय बोलायचं ते शिकवलं होतं, पण भीती वाटली होती का, हे विचारलं नव्हतं. त्यांनी मला जवळ ओढलं आणि सासरी आल्यापासून पहिल्यांदाच मी रडले, चारचौघांत, मोठ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून भासरे वाडीच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागले. सकाळी निघताना ते दारात थांबायचे आणि "येतो बाई" असं मला सांगून जायचे.