बहिणीच्या गावातली सांडपाण्यावरची बाग

मंडळी, आज सकाळी मी चक्क सख्ख्या बहिणीवर जळले.

तिला कोकणात दिलंय, समुद्रकाठच्या एका छोट्या गावात. व्हिडिओ कॉलवर तिनं हिरवीगार बाग दाखवली. म्हणाली, "ताई, ही बाग गावाच्या सांडपाण्यावर हाय बघ. आधी शुद्ध करतेत, मग झाडांना देतेत."

मी इकडं अहमदपुरात गटारीच्या वासात नळाची वाट बघत उभी. "रेंज न्हाई गं," म्हणून फोन कट केला.

एवढा पाऊस तिच्याकडं, आणि पाणी पुन्हा वापरायची अक्कलबी तिच्याकडंच?

दुपारी मीच फोन लावला.

"रुसलीस काय?" तिनं विचारलं.

"लई जळले. आता तिथले फोटो पाठव, नगरपरिषदेत दाखवते."

फोटो आलेत. उद्या जाणार हाय. अहमदपूरकरांनो, माझ्यासारखे जळणारे कोण कोण येताय सोबत?