सगळ्यात मोठा भोपळा

भंडारदऱ्याच्या एसटीत शेजारच्या आजीबाईंनी मांडीवरचा लाल भोपळा झोपलेल्या बाळासारखा पदराखाली घेतला होता. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारा, राहवलं नाही. म्हणालो, "लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा आणि मॅक्सिमस म्हणजे सगळ्यात मोठा. वेलीचं लॅटिन नाव स्त्रीलिंगी, म्हणून शास्त्रात याला मॅक्सिमा म्हणतात."

आजीबाई भोपळ्यावर हात फिरवत राहिल्या. "वेलावरचा सगळ्यात मोठा आमी खात न्हाई, बियाण्याला ठेवतो. लेकीकडलं बी संपलं, तिला नेते." मग डोळे मिटून म्हणाल्या, "पर बाबा, सगळ्यात मोठा अजून याच्या पोटात हाय."

घाटात धुकं आलं. त्यांच्यासोबत मलाही डुलकी लागली. जागा झालो तेव्हा आजीबाई उतरून गेल्या होत्या, आणि माझे दोन्ही हात मांडीवर काहीतरी जपून धरल्यासारखे गोल राहिले होते.