बोट काढा, अब्बा

पौडच्या स्टँडसमोर विमानतळाची गाडी उभी होती, ड्रायव्हर घाई करत होता आणि अब्बा माझ्या नव्या कोटाची शिलाई चाचपून बघत होते. त्यांचं टेलरिंगचं दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या कितीतरी गावांतल्या पोरांचे गणवेश त्यांच्या हातचे, आणि हा कोटही. "आत बोटभर माया ठेवलीया," ते म्हणाले. "तिकडं जाड झालीस तर उसवून घे." शिलाईच्या आत जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि तेव्हा मला तो नुसता धंद्यातला शब्द वाटायचा. मग त्यांनी फोन काढला आणि माझा, अम्मीचा आणि धाकट्या सलीमचा फोटो घेतला. विमानात बसल्यावर बघितला तर उजव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग, म्हणजे अब्बांचं बोट. सलीमचं अर्धं तोंड त्याच्याखाली गेलेलं. रडायच्या बेतात होते, ती हसत सुटले.

डेन्मार्कमधल्या एका बंदराच्या गावात मी आता चार वर्षं राहते. आठवडाभर ऑफिस, लॅपटॉप, मीटिंगा, आणि रविवार खायला उठायचा. म्हणून एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि धक्क्यावर भटकायला लागले. ट्रायपॉड लावून शटर अर्धं मिनिट उघडं ठेवलं की लाटा पुसल्या जातात आणि पाणी दुधासारखं होतं. तेवढं अर्धं मिनिट मी श्वास रोखून उभी असते. समोर धुकं असतं, आणि ते विरलं की पलीकडे ताम्हिणीचे डोंगर दिसतील, मुळशीच्या पाण्यावरून गार वारा येईल, असं खरोखर वाटत राहतं. शटर खट्कन मिटतं आणि पलीकडे क्रेन उभ्या असतात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे अर्धं मिनिट ठाऊक असेल. माझे रविवार त्याच्यावरच निघाले.

हे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकायची. अब्बांचा व्हॉइस मेसेज यायचा, "लई झाक. पन मानसं कुटं हायेत? समदी गेली कुटं?" मी त्यांना लँडस्केप म्हणजे काय ते समजावलं. त्यांना ते पटलं नाही, पण नाद मात्र लागला. दुकानाच्या सुट्टीला ते स्कूटर काढून धरणाच्या पाण्याकडे जायचे आणि मला फोटो पाठवायचे. सांडून जाईल इतकं तिरकं पाणी, एखादा बगळा, डोंगर, आणि उजव्या कोपऱ्यात बोट. मी तोवर इथल्या हौशी लोकांच्या क्लबात जायला लागले होते. चार बुकं शिकलं की माणूस आधी बापाला शिकवायला जातो. मी लिहिलं, "अब्बा, बोट काढा."

पुढच्या सुट्टीला ते सकाळपासून काठावर बसून राहिले. जेवायलाही घरी आले नाहीत. दुपारी कधीतरी फोटो आला. दूर, तिळाएवढी, रिसॉर्टवाल्यांची बोट, आणि ती अर्धी अब्बांच्या बोटाखाली. सोबत मेसेज, "काडली बघ तुजी बोट. लई वाट बघाय लावली तिनं."

मी फरशीवर बसून हसले, आणि हसता हसता रडलेही. सलीमला ताकीद दिली की त्यांना काही समजावायचं नाही. मग तो नेमच झाला. "आज बोट न्हाई आली." "आज दोन आल्त्या." बोटी आल्या न आल्या, कोपऱ्यातलं बोट एकदाही चुकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक फोटो अगदी स्वच्छ आला. मला काय आनंद झाला! लिहिलं, "शाबास अब्बा! कोपरा एकदम साफ!" उत्तरादाखल नुसता अंगठा आला. पुढचे तीन फोटोही तसेच, साफ. चौथा मी मोठ्या स्क्रीनवर उघडला तेव्हा दिसलं की पाणी सुतासारखं सरळ आहे, आणि काढणाऱ्याची सावली खाली पाण्यापर्यंत पडली आहे. उंच सावली होती, पाठीवर सॅक. अब्बा ठेंगणे आहेत. सॅक सलीमची.

सलीमला फोन लावला. "आपा, अब्बांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. म्हैना झाला. तुला सांगू नगं म्हनले. म्हनले, तिला फोटू जात ऱ्हाऊदेत."

"आणि माझा मेसेज?"

"वाचून दावला. हसले. म्हनले, बघ, तिला साफ फोटूच आवडत्यात."

सलीम, हे तू वाचशील. तुझ्यावर मी रागावले नव्हते रे, मला माझीच लाज वाटली. ज्या हाताने माझा कोट शिवला तो हात गेला, आणि मी इथून शाबासकी पाठवत होते.

रजा टाकून गेले. दुकानातल्या मशीनवर चादर होती. तिसऱ्या दिवशी सलीमने अब्बांना रिक्षात घालून पाण्यावर आणलं. ते एका दगडावर बसले. मी ट्रायपॉड उघडला, पुन्हा मिटला आणि त्यांचा फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. समोर धुकं होतं, आणि ते विरल्यावर पलीकडे डोंगर होते, खरेखुरे. दूर कुठेतरी इंजिनाची घरघर चालली होती. मी पाण्याकडे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अब्बा, बोट काढा."

"थांब जरा. जवळ येऊदे तिला." बोलताना त्यांचं अर्धंच तोंड हलत होतं. बराच वेळ लागला. मी श्वास रोखून उभी होते.

फोटोत पाणी तिरकं आलंय. मी कमरेपासून वर आहे, बोट चौकटीत शिरायच्या आतच बटण दाबलं गेलंय, आणि डाव्या कोपऱ्यात, या वेळी डाव्या, गुलाबी ढग.

"आली का बोट?" अब्बांनी विचारलं.

"आलं, अब्बा," मी म्हटलं.

तो फोटो मी मोठा छापून इथल्या भिंतीवर लावलाय. कोट त्याच्या शेजारीच टांगलेला असतो. माया अजून उसवलेली नाही. क्लबातले लोक येतात, बिघडलेला फोटो का लावलास विचारतात, मी म्हणते हा घरचा आहे, आणि मग चेष्टेने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारतात की यात तुझं घर कुठे आहे. पौड त्या फोटोत नाही, दुकान नाही. मी बोट दाखवते.